पाहायचं काम उभीचं

दीपिका सिडामच्या काठीला चेंडू नीट लागला की असा कडक, कोरा आवाज येतो की क्लबच्या ओट्यावर चहा पिणारी माणसं कप खाली ठेवून बघतात. माझ्या काठीला चेंडू लागला तर कोणी कप खाली ठेवत नाही. फार तर पाय आवरून घेतात. मी साधना, इथल्या सिमेंट कारखान्याच्या कॉलनीतल्या शाळेत मराठी शिकवते आणि मोठ्या साहेबांच्या आग्रहाखातर गोल्फ खेळते. खेळते हा शब्द माझ्या बाबतीत जरा उदारच आहे, पण असो.

आमचं मैदान सहा होलांचं. कोरपन्याहून येताना आधी कपाशीची वावरं लागतात, मग कारखान्याची चिमणी, मग कॉलनी आणि कॉलनीच्या पाठीला हे मैदान. एका अंगाला क्वार्टर्स, दुसऱ्या अंगाला नाला. नाल्यापलीकडे रायमुनियाची झुडपं माजलेली आणि त्यांच्यामागे जंगल, ते जिवतीच्या डोंगरापर्यंत. मध्ये भिंत आहे म्हणायची, पण रानडुकरांनी आणि दोन पावसाळ्यांनी मिळून तिची दारं करून टाकली आहेत. होलच्या भोवती मऊ बारीक गवताचा जो तुकडा असतो त्याला ग्रीन म्हणतात. आमच्या ग्रीनवर सकाळी डुकरांचे खूर दिसले की दीपिका ते हातानं दाबून सपाट करते. तिचं मूळ काम तेच. ती ठेकेदाराकडची बाई, गवत कापायचं, पाणी द्यायचं, झेंडे लावायचे.

तिच्या हातात काठी दिली ती धनराजभाऊंनी. धनराजभाऊ आमचे शिकवणारे. तरुणपणी नागपूरच्या मैदानावर मोठमोठ्या लोकांच्या काठ्या खांद्यावर वाहिल्या, त्यात खेळ शिकले आणि कंपनीनं त्यांना इथं आणलं. एकदा महिलांच्या सरावाला माझ्याशिवाय कोणीच आलं नाही, तेव्हा त्यांनी गंमत म्हणून दीपिकाला बोलावलं. तिनं खुरपं खाली ठेवलं, पदर खोचला आणि चेंडू पार पाण्याच्या टाकीपर्यंत नेला. धनराजभाऊंनी टोपी काढून डोकं खाजवलं. त्या दिवसापासून गवत कापून झालं की ती खेळायची आणि मी तिच्याकडून हरायची. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं, हे मी खरं सांगते. थोडंसं वाटत होतं.

यंदा फेब्रुवारीत मात्र दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. ठेकेदारानं सांगितलं की उन्हाळ्यापासून मैदानावरच्या बाया कमी करून पॅकिंग प्लांटात घालणार. पॅकिंग प्लांटातून सुटलेल्या बाया मी रोज फाटकावर पाहते. त्यांच्या भुवयासुद्धा राखाडी झालेल्या असतात, आणि खोकला तर त्यांच्या आधी घरी पोचतो. आणि त्याच आठवड्यात मोठ्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं की शाळेतल्या पोरींना गोल्फ शिकवायला एक बाई कायमची घ्यायची आहे, दीपिकाचं नाव त्यांच्या मनात आहे.

मी खूश होऊन उठणार तोच ते म्हणाले, ‘‘पण मॅडम, ती ऐन वेळी गडबडते. मी तीनदा पाहिलंय. जिचा स्वतःवर विश्वास नाही ती पोरींना काय शिकवणार? मार्चअखेर घुग्घुसकडच्या कॉलनीत सामने आहेत. तुम्ही दोघी जोडीनं खेळा. मी येतोय. तिथं बघू.’’

म्हणजे एका बाजूला शाळेतली नोकरी, दुसऱ्या बाजूला सिमेंटची भुकटी, आणि मध्ये मी. जोडीच्या खेळात दोघींचा मिळून एकच चेंडू असतो, आळीपाळीनं मारायचा. तिच्या नशिबाचा अर्धा भाग माझ्या हातात होता. माझे हात मला ठाऊक आहेत. त्या रात्रीपासून माझी झोप उडाली.

साहेब म्हणाले ते खोटं नव्हतं. दीपिका गडबडायची. गोल्फमधला पहिला धडा असा, की वाकायचं, नजर चेंडूवर ठेवायची आणि काठी चेंडूला लागून जाईपर्यंत डोकं वर करायचं नाही. डोकं क्षणभर आधी उचललं की काठी चेंडूच्या टाळूवर बसते आणि चेंडू नुसता घरंगळत जातो. दीपिका नेमकं हेच करायची. दहा वेळा सुंदर मारायची आणि अकराव्यांदा, जिथं मारणं जरुरीचं तिथं, तिचं डोकं झटक्यात वर.

‘‘डोकं, दीपिका, डोकं,’’ धनराजभाऊ लांबून म्हणायचे. ‘‘वर काय पाहून राह्यली? आभाळ कुठी पळून नाई चाललं.’’

धनराजभाऊंचा सगळा भर मनावर. मोबाइलवर ते सारखे भाषणं ऐकतात, मनाची ताकद, जिंकणाऱ्याचा विचार, असली. त्यांनी दीपिकाला रोज क्लबच्या आरशासमोर उभी करून म्हणायला लावलं, मी करू शकतो, मी करनारच. ती बिचारी उभी राहून म्हणायची. मी एकदा विचारलं, काही फरक पडतो का गं. ती म्हणाली, ‘‘बाई, आरशातली बाई म्हन्ते का मी करनार. पन वाकाचं मले लागते, तिले नाई.’’

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. कारण मार्च लागला होता आणि डोकं वर येतच होतं.

मी खेळाडू नसले तरी मास्तरीण आहे. पोरगं एकाच जागी चुकत असेल तर ती जागा बघायची, पोराला ओरडायचं नाही, हे मला कळतं. मी मैदानाच्या कडेला बसून नुसती बघत राहिले. पहिल्या आणि दुसऱ्या होलला ती चुकत नव्हती, तिथं पाठीमागे क्वार्टर्स आहेत, बाया कपडे वाळत घालतात. चौथा होल मैदानाच्या मधोमध, तिथंही नाही. तिसऱ्याला आणि पाचव्याला चुकत होती. सहाव्याला ग्रीनच्या एका कडेला उभी राहिली तर चुकायची, दुसऱ्या कडेला नाही. त्या सगळ्या जागी एकच गोष्ट होती. तिची पाठ नाल्याकडे, रायमुनियाच्या झुडपांकडे व्हायची.

मी तिला बाजूला घेऊन विचारलं. ती चेंडू हातात फिरवत राहिली.

‘‘बाई, वाकलेला मानूस जनावराले मानूस नाई दिसत,’’ शेवटी ती म्हणाली. ‘‘चार पायाचं दिसते. आमच्याकडं पोरीले चालता आलं का हेच सांगतात. मोहा येचाले गेलो का दोघी दोघी जातो. एक वाकते, दुसरी तिच्या पाठीशी काठी घेऊन उभी राह्यते. थकली का बदलायचं. एकटी कोनी वाकत नाई.’’

तिकडची माणसं वाघाला वाघ म्हणत नाहीत, जनावर म्हणतात. तिच्या गावाकडे, आमच्या कॉलनीपासून तासाभराच्या वाटेवर, दोन वर्षांपूर्वी मोहाची फुलं वेचणाऱ्या तिच्या आत्याला, बायनाबाईला, जनावरानं धरलं होतं. बायनाबाई वाचली, पण डावा हात खांद्यापासून गेल्यासारखाच आहे. हे कॉलनीत ऐकून माहीत होतं. ते या डोक्याशी जोडायचं मात्र कोणाला सुचलं नव्हतं, आणि मला सुचल्यावर मी फारच हुशार असल्यासारखं मला वाटलं.

उपाय तर सोपा होता. मी धनराजभाऊंना विचारलं, जोडीदारीण पाठीशी उभी राहिली तर चालतं का. ते म्हणाले, चेंडूच्या रेषेत उभं राहायला मनाई आहे, नुसतं पाठीकडं उभं राहायला नाही. झालं. दुसऱ्या दिवशी पाचव्या होलला दीपिका वाकली आणि मी तिच्या पाठीशी, झुडपांकडे तोंड करून उभी राहिले. हातात माझी काठी. मी म्हटलं, ‘‘मार तू. मी आहे.’’

तिनं काठी मागे नेली आणि अर्ध्यावरच सोडून गर्रकन वळली. माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहू लागली.

‘‘बाई, तुमच्या मांगं कोन हाये?’’

माझ्या मागे कोण असणार? माझ्या मागे तीच होती. मी तसं सांगितलं तर ती खाली बसली आणि म्हणाली, आज नाही जमत. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी राहिले, तिसऱ्या दिवशी पुन्हा. उलट वाईट झालं. आता ती क्वार्टर्सच्या बाजूलाही डोकं उचलू लागली. साहेब एकदा फिरत फिरत आले, दोन फटके पाहिले आणि काही न बोलता गेले. ते काही बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

माझी आई म्हणायची, दुखतं कुठं आणि शेकतं कुठं. माझी हुशारी तशीच झाली होती. रविवारी ती मैदानाला पाणी द्यायला आलेली असताना मी स्कूटी काढली आणि तिच्या गावी गेले, तिला न सांगता.

बायनाबाई अंगणात चटईवर बसून एका हातानं तुरीच्या शेंगा सोलत होती. पन्नाशीची, काटक, नजर तिखट. मी कोण ते सांगितलं तर म्हणाली, ‘‘गोटीच्या खेळातली बाई ना तुमी? बसा.’’ मग मी सगळं सांगितलं. नोकरीचं, पॅकिंग प्लांटचं, डोकं वर होतं त्याचं, मी पाठीशी उभी राहिले त्याचं. ती शेंगा सोलत ऐकत राहिली.

‘‘तिनं तुमाले अर्धंच सांगतलं,’’ ती म्हणाली. ‘‘त्या दिवशी उभी कोन होती, हे नाई सांगतलं.’’

मी चटईवर पुढे सरकले.

‘‘दीपिका?’’

‘‘तीच. मी वाकली होती, ती उभी. आभाळ भरून आलं होतं, अन् मोहा वल्ला झाला का सडते. झाडाखाली पिवळाच पिवळा पडला होता. मीच म्हनलं, बस तूबी, हात चालव, पानी याच्या आंधी उचलून घेऊ. मी म्हनलं म्हनून बसली ती. दोघीबी वाकल्या.’’

तिनं एक शेंग उगाचच बोटांत धरून ठेवली.

‘‘मले धरलं तवा हे पोरगी पळाली नाई. काठी उचलली अन् धावली त्याच्या आंगावर, बोंबलत. त्यानं सोडलं. म्हनून मी इथी बसून तुमच्यासंग बोलून राह्यली. सारं गाव तिले शाबास म्हन्ते. ती कोनाचंच आयकत नाई. मले अंगनाच्या भाईर जाऊ देत नाई. मी मोरीत वाकली तरी येऊन पाठीशी उभी राह्यते. आपल्या पाठीचं भेव नाई तिले, बाई. दुसऱ्याच्या पाठीचं हाये.’’

तेव्हा मला कळलं की मी तिच्या पाठीशी उभी राहून काय केलं होतं. मी तिच्यापुढे आणखी एक उघडी पाठ नेऊन ठेवली होती. ती वाकलेली, आणि मी तिच्यामुळे झुडपांकडे तोंड करून उभी. तिला स्वतःची भीती नव्हतीच. ती वाकलेली असताना मैदानावर दुसऱ्या कोणाला काही होईल, तिचं लक्ष चुकेल आणि पुन्हा तेच होईल, ही भीती होती. आणि आम्ही सगळे तिला आरशासमोर उभी करून म्हणायला लावत होतो की स्वतःवर विश्वास ठेव. विश्वास उडाला होता तो तिच्या काठीवरचा नव्हता, तिच्या डोळ्यांवरचा होता. मला रडू आलं आणि रागही आला, धनराजभाऊंचा, साहेबांचा आणि माझा, याच क्रमानं नव्हे.

‘‘मग काय करायचं?’’ मी विचारलं.

बायनाबाईनं सुपातल्या तुरी हातानं सारख्या केल्या. ‘‘मोहा पडून राह्यला,’’ ती म्हणाली. ‘‘उद्या सकाळी या तुमी. मी एकटीनं म्हनलं तर ती नाईच म्हनन. तुमी असल्या तर लाजेकाजेनं नाई म्हननार नाई.’’

मी घरी येईपर्यंत माझा धीर संपला होता. जंगलात, मोहाखाली, हात गेलेल्या बाईला घेऊन, तेही एका खेळासाठी. शाळेत कळलं असतं तर मला वेड्यात काढलं असतं. तरी मी शाळेत रजेचा निरोप धाडला आणि सकाळी उजाडता उजाडता पुन्हा तिथं जाऊन उभी राहिले.

दीपिका अंगणात पाणी भरत होती. मला पाहून ती चकित झाली, आणि बायनाबाईनं टोपली उचलली तेव्हा तिच्या हातातली कळशी तशीच राहिली.

‘‘आत्या, नाई.’’

‘‘काऊन नाई?’’

‘‘नाई म्हनलं ना.’’

‘‘बाई इतक्या दूरून आल्या मोहा पाहाले. त्यायले का घरातला वाळलेला दाखवू?’’ बायनाबाईनं टोपली खाली ठेवली, कोपऱ्यातली जाड काठी घेतली आणि दीपिकापुढे धरली. ‘‘मी वाकतो. तू उभी राह्य.’’

दीपिकानं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. मी काही बोलले नाही, कारण बोलले असते तर म्हणाले असते की राहू द्या. तिनं काठी घेतली.

झाड गावापासून फार लांब नव्हतं. इतर बायांनी आपापल्या झाडाखालचा पालापाचोळा जाळून जागा साफ केलेली होती, त्या लांबून दोघी दोघींनी दिसत होत्या. हे झाड मात्र दोन वर्षं कोणी हात न लावलेलं. पाल्यावर फुलं पडून पिवळसर सडा झालेला, आणि तो गोड आंबूस वास. एका बाजूला मोकळं, तीन बाजूंना झुडपं. मी मोकळ्या बाजूला उभी राहिले आणि मनातल्या मनात देवाची जितकी नावं आठवत होती तितकी घेतली.

बायनाबाई झुडपांकडे पाठ करून उकिडवी बसली आणि एका हातानं वेचायला लागली. दीपिका तिच्या पाठीशी. काठी दोन्ही हातांत, अंग ताठ, मान हळूहळू इकडून तिकडे फिरतेय. तिच्या कपाळावरून घाम कानाजवळ उतरत होता आणि ऊन अजून आलंही नव्हतं. बायनाबाईनं एकदाही मान वर केली नाही. फूल उचलायची, टोपलीत टाकायची, फूल उचलायची. मला वाटत होतं, अगं बाई, एकदा तरी मागे बघ.

तेवढ्यात झुडपांच्या आत कुठंतरी वानर खोकलं. जंगलात राहणाऱ्याला विचारा, वानराचं ते खेकसणं म्हणजे काय ते. जनावर दिसलं की ते तसं खेकसतं. लांबच्या बायाही थबकल्या. माझे पाय आपोआप मागे सरकले.

बायनाबाईचा हात थांबला. पण तिनं मान वर केली नाही. खाली बघतच तिनं विचारलं, ‘‘जायचं का?’’

तिला उठून पळायचा पूर्ण हक्क होता. तिच्या खांद्यावरच्या व्रणांनी तो तिला दिला होता. तिनं दीपिकाला विचारलं.

दीपिका ऐकत होती. वानर पुन्हा खोकलं, मग थांबलं. तिनं झाडाच्या शेंड्याकडे पाहिलं, मग झुडपांकडे, मग पुन्हा वर. तो वेळ काही संपेचना.

‘‘नाई,’’ ती म्हणाली. आवाज चिरकला, म्हणून तिनं पुन्हा म्हटलं, ‘‘नाई. गावचा कुत्रा हाये. त्याले पाहून खेकसला. येच तू.’’

बायनाबाई वेचायला लागली. थोड्या वेळानं झुडपातून खरंच एक मळकट कुत्रं बाहेर आलं आणि आमच्याकडे लक्ष न देता निघून गेलं.

टोपली भरल्यावर बायनाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. पोरीच्या पाठीवरून हात वगैरे तिनं काही फिरवला नाही. चिडूनच म्हणाली, ‘‘आयकून घे. वाकलेलीनं वर पाहाचं नाई. पाहाचं काम उभीचं. तू त्या मैदानात दोन्ही कामं करतो म्हन्तो. दोन्ही कामं कोनाच्यानं होत नाई. जे तुह्या पाठीशी उभी हाये तिले डोये नाई का?’’

दीपिका रडली नाही. टोपली डोक्यावर घेऊन चालू लागली. वाटेत मात्र एकदा थांबून तिनं आत्याचा लुळा हात धरला आणि घरापर्यंत सोडला नाही.

गोष्ट इथं संपली असती तर मला फार बरं झालं असतं. पण सरावात डोकं कधी खाली राहायचं, कधी वर यायचं. पूर्वीपेक्षा बरं होतं, बस इतकंच. आता मी पाठीशी उभी राहिले की ती वळून पाहत नव्हती, पण काठी मागे नेताना तिचा श्वास अडकलेला मला ऐकू यायचा. धनराजभाऊ म्हणाले, झालं तर झालं. मनाच्या ताकदीवर बोलणारा माणूस असं म्हणायला लागला की समजावं. सामन्याच्या आदल्या दिवशी ठेकेदाराचा माणूस येऊन पॅकिंग प्लांटात जाणाऱ्या बायांची नावं सांगून गेला. त्यात तिचं होतं.

घुग्घुसकडच्या त्या कॉलनीचं मैदान आमच्यापेक्षा बरं. पण रस्त्यावरून कोळशाचे ट्रक सारखे जात असतात, झाडांच्या पानांवर काळी पूड, आणि मैदानाच्या टोकाला खाणीतली माती टाकून झालेला उंच ढिगारा. त्या ढिगाऱ्यावर बाभळी आणि रायमुनिया वाढलेला. शेवटचा होल नेमका त्याच्या पायथ्याशी. सकाळी आल्या आल्या दीपिकानं तो पाहिला आणि ती पहिल्या होलकडे चालू लागली.

आम्ही वाईट खेळलो नाही. खरं सांगायचं तर ती चांगली खेळली आणि मी तिनं केलेलं बिघडवत गेले. तिनं लांब न्यायचं, मी वाळूत घालायचं, तिनं काढायचं. समोरच्या दोघी गोऱ्यागोमट्या, टोपीबिपी घातलेल्या, त्या मला फार समजूतदारपणे हसत होत्या. तरी शेवटच्या होलला आलो तेव्हा दोन्ही बाजू सारख्या होत्या. तिथंही मी माझं काम चोख केलं. दीपिकानं ग्रीनवर आणून ठेवलेला चेंडू मी होलकडे ढकलला तो अर्ध्यातच थांबला. होलपासून जेमतेम दीड हात. समोरच्या जोडीचं संपलं होतं. हा पडला की सामना आमचा. पण मला सामन्याचं काही नव्हतं. ग्रीनच्या कडेला मोठे साहेब हाताची घडी घालून उभे होते.

दीड हात म्हणजे काहीच नाही. पोरगंही घालेल. ऐन वेळी तेच पडत नाही, हे गोल्फ खेळणाऱ्या कोणालाही विचारा. आणि चेंडू असा थांबला होता की तो मारायला दीपिकाची पाठ ढिगाऱ्याकडे होणार होती. हा माझा पराक्रम.

ती चेंडूपाशी गेली. मी जाऊन तिच्या पाठीशी, तिच्या आणि झुडपांच्या मध्ये उभी राहिले. मला म्हणायचं होतं, घाबरू नकोस, किंवा तुला जमेल, असलं काहीतरी. त्याऐवजी माझ्या तोंडून निघालं, ‘‘वाक तू. मी उभी आहे.’’

ती वाकली.

आणि माझ्यासमोरच्या झुडपात खसखस झाली. बारीक नाही, चांगली मोठी. फांदी मोडली. काहीतरी जड अंग काट्यांतून घुसत आमच्याकडे येत होतं. कोणीतरी ‘‘अरे’’ म्हणालं. समोरच्या दोघी किंचाळून मागे पळाल्या. धनराजभाऊंचं डोकं वर, साहेबांचं डोकं वर, मैदानावरच्या एकूण एक माणसाचं डोकं वर. मी तर बघतच होते. माझं कामच ते होतं. मी काठी दोन्ही हातांत धरली आणि जागची हलले नाही. आयुष्यात मी इतकी कधी घाबरले नव्हते.

रायमुनिया फाटला आणि एक रानडुक्कर बाहेर आलं. मातीनं माखलेलं, मोठं. त्यानं मला पाहिलं, मी त्याला पाहिलं, आणि ते फुसफुसत ढिगाऱ्याच्या कडेनं पळून गेलं.

त्याच्या मागोमाग, माझ्या पाठीमागे, डब्यात सुपारी टाकल्यासारखा आवाज झाला.

‘‘पडला?’’ साहेबांनी विचारलं. त्यांनी पाहिलंच नव्हतं. ज्या एका फटक्यासाठी ते इतक्या लांब आले होते तो मारला गेला तेव्हा ते डुकराकडे बघत होते. ते चालत ग्रीनवर आले आणि होलमध्ये डोकावले. मग म्हणाले, ‘‘तू वर पाहिलं नाहीस?’’

‘‘नाई साहेब.’’

‘‘आम्ही सगळ्यांनी पाहिलं.’’

‘‘हो साहेब.’’

साहेबांनी चष्मा काढून पुसला. ‘‘सोमवारी शाळेच्या ऑफिसात ये,’’ ते म्हणाले, ‘‘ठेकेदाराला मी सांगतो.’’ आणि ते समोरच्या बायांची विचारपूस करायला गेले.

मी अजून काठी धरूनच उभी होते. बोटं सुटत नव्हती. मी वळले. दीपिका चेंडू मारला तशीच खाली बघत उभी होती, आणि तिच्या हनुवटीवरून पाणी ग्रीनवर पडत होतं. घाम होता की काय, मी विचारलं नाही.

‘‘तुला ऐकू आलं नाही?’’ मी म्हटलं. ‘‘भीती नाही वाटली?’’

‘‘वाटली ना. हातपाय गार पडले.’’ तिनं नाक पुसलं. ‘‘पन तुमी पळाल्या नाई. तुमच्या पायाचा आवाज नाई आला.’’

मग तिनं विचारलं, ‘‘काय होतं, बाई?’’

ती अजूनही मागे वळली नव्हती.

‘‘डुक्कर,’’ मी म्हटलं. ‘‘गेलं.’’

‘‘मंग उभ्या राह्या जराशा,’’ ती म्हणाली, आणि होलमधला चेंडू काढायला पुन्हा वाकली.